दव वाळेपर्यंतची शाळा

"टाय बांधून कोणाले इंग्रजी आलं हो आजवर?"

"शुभदा, पाच मिनिटं देऊन राह्यले मले. स्टेजवर!"

"मी पंधरा वर्षं देऊन राह्यली. त्याचा काय ठराव झाला?"

आमची आणि कमलाकर सरांची भिंत एकच. मी नवरा-बायकोचं भांडण ऐकायला गेले नव्हते, भांडणच माझ्या चुलीपाशी आलं.

सर आर्णीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. येता-जाता माझ्या बकरीलाही "गुड मॉर्निंग" म्हणायचे. बकरीनं कधी उत्तर दिलं नाही, पण तिची हजेरी सरांच्या वर्गापेक्षा बरी होती. कारण कापूस फुटला की तांड्यावरची पोरं वेचायला जायची. शाळा भरायची अकराला, तेव्हा पोरं वावरात. त्यात कापसाचे भाव पडले ते दिवस, घरचा एकही हात रिकामा ठेवणं परवडत नव्हतं.

सरांचं म्हणणं साधं होतं. सकाळी कापसावर दव असतं. ओला कापूस कोणी वेचत नाही. मग वेचणीच्या दिवसांत शाळा भल्या सकाळी भरवा, दव वाळलं की पोरांना सोडा. हेडमास्तर म्हणाले, "वरून आदेश आणा." वर कुठं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात यवतमाळला इंग्रजी मास्तरांची परिषद निघाली. विषय होता खेड्यातला विद्यार्थी. सरांना वाटलं, तिथं ठराव झाला की झालं काम. माणूस शिकलेला असला की असं भोळं वाटणं येतंच.

परिषदेला नमुन्यादाखल एक खेड्यातला विद्यार्थी पाहिजे होता. सरांनी तांड्यावरची जमनी निवडली. तिची माय सुखीबाई म्हणाली, "पोरीसंगं बाईमाणूस पाह्यजे. मले वेचणी आहे." म्हणून दुसरीपर्यंत शिकलेली मी इंग्रजीच्या परिषदेला गेले. दारातल्या पोरीनं माझ्याही लुगड्याला बिल्ला लावला. दिवसभर मी मॅडम! कोणी इंग्रजीत काही विचारलं की मी "यस" म्हणायचे. त्यावर तिघं खूश झाले आणि एकानं चहा आणून दिला.

काय तो थाट! ज्याला त्याला पिशवी, पिशवीत पेन, पेनावर परिषदेचं नाव. खेड्यातल्या विद्यार्थ्याची काळजी वाहायला दिवस निवडला तो ऐन वेचणीचा. त्याहून कमाल म्हणजे पाहुण्यांना फुलांऐवजी फुटलेल्या कापसाच्या फांद्या दिल्या. पांढरं सोनं म्हणे! पुण्याकडच्या पाहुण्यांनी बोंडाला बोट लावून शेजारच्याला विचारलं, "खरा आहे का हो?" आणि फांदी टेबलावर ठेवून दिली. स्टेजवर बोलले सगळे इंग्रजीत. मला कळलं नाही, पण समोरच्या रांगेतले मास्तर झोपले, म्हणजे त्यांनाही कळत नसावं.

जेवणाच्या आधी सरांची पाच मिनिटं आली. जमनीला स्टेजवर टेबलाशी बसवलं. सरांनी टाय सारखा केला आणि इंग्रजीत सुरुवात केली. इकडे जमनीसमोर ती फांदी. पोरीचा हात आपोआप गेला. बोंड धरलं, कचरा लागू न देता कापूस ओढला आणि ओढणीच्या ओट्यात, म्हणजे खोचलेल्या झोळीत, टाकला. मग दुसरं. मग तिसरं. सभेत हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "किती क्यूट!" कोणी फोटो काढला. जमनीनं मान खाली घातली, पण हात थांबेना.

सर थांबले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते आमचंच बोलणं होतं. "हासता कायले? हे पोरगी अकरा वाजता असंच करून राह्यते. म्हून माह्या वर्गात नसते. दव वाळेपर्यंत शाळा घ्या, एवढंच मांगून राह्यलो."

अध्यक्षांनी घंटी वाजवली. "सर, इंग्लिश प्लीज."

"इंग्लिश वर्गात गेलं की येते, साहेब. आधी वर्गात पोट्टं तर येऊ द्या."

दुसरी घंटी. तिच्यासोबतच कोणीतरी जेवण तयार असल्याचं सांगितलं आणि सभा उठली. इतक्या एकमतानं लोक उठलेले मी लग्नातही पाहिले नाहीत. संध्याकाळी ठराव एकच झाला, की पुढली परिषद याहून मोठी घ्यायची.

परतीच्या एसटीत सर खिडकीला डोकं टेकून बसले होते. टाय खिशात होता. जमनी ओटा धरून होती. मी म्हटलं, "टाक ना वं तो कापूस."

"काहून टाकू, आजी? माय म्हणते, रिकाम्या हातानं येऊ नको."

सरांनी बराच वेळ तिच्या ओट्याकडे पाहिलं. "जमने, दव केव्हा वाळते तुमच्या इकडे?"

"ऊन पाठीले लागलं का वाळते."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भिंतीपलीकडे पुन्हा भांडण झालं. "आदेश नाही, ठराव नाही, अन् निघाले तांड्यावर!" पण लुना सुरू झाली तेव्हा शुभदानंच थर्मास परिषदेच्या पिशवीत घातला. ती पिशवी तेवढ्याच कामाची निघाली.

पुढं दर वेचणीला हेच चाललं: उजाडता तांड्यावर वर्ग, दव वाळलं की सुट्टी. कोणी शिकलं, कोणी नाही. जमनी इंग्रजीत काठावर पास झाली आणि सर पेढे घेऊन बकरीपर्यंत आले. रिटायर झाले तरी त्यांची लुना थांबली नाही.

सर गेले, त्या शेवटच्या सकाळचं मला सुखीबाईनं सांगितलं. सर आले, पोरांना बांधावर बसवलं, धडा वाचून घेतला. ऊन पाठीला लागलं तसे उठले. कापसाच्या पानावरून हात फिरवला, तळवा पाहिला. कोरडा होता.

"वाळलं," म्हणाले. "जा रे, वेचायले लागा."