'वोय' म्हणजे जाते

गेल्या महिन्यात आमच्या स्पॅनिशच्या वर्गात शैलाताईंनी 'वोय' म्हणायचं नाकारलं. 'वोय' म्हणजे 'मी जाते'. स्पेनमधली माणसं दिवसभर हे म्हणत असतात: कामावर जाते, दूध आणायला जाते.

शैलाताई नर्स आहेत. माद्रिदच्या एका वृद्धाश्रमात त्यांना नोकरी हवी होती आणि मुलाखत स्पॅनिशमध्ये होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली.

सरांनी विचारलं, "घरातून निघताना काय म्हणाल?"

"वेंगो." म्हणजे येते.

"ताई, असं म्हणालात तर तिथली माणसं जेवायला थांबतील तुमच्यासाठी."

"थांबू देत. निघताना आईला 'जाते' म्हणायला जीभ रेटत नाही, सर."

वर्ग हसला. आपल्याकडे निघणारा 'येतो' म्हणतो. पण ते नुसतं शुभ बोलणं नाही, ते परत यायचं कबूल करणं आहे. भाजी आणायला निघालेल्याला ते सहज पाळता येतं. परतेपर्यंत आई असेल की नाही हे ठाऊक नसताना ते म्हणावं का? स्पॅनिश माणूस सरळ जातो म्हणतो आणि मागे राहणाऱ्याला काहीच कबूल करत नाही. हे कठोर की प्रामाणिक, मला ठरवता आलेलं नाही.

मुलाखतीत शैलाताईंनी 'वोय' म्हटलं. नोकरी मिळाली. त्या निघाल्या त्या रविवारी सामान उचलायला मी त्यांच्या घरी होतो. त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या, पण ना 'येते' म्हणाल्या, ना 'जाते'. आईच म्हणाल्या, "ये."