बोटभर फट

माझा मोठा भाऊ गेल्याची बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळली. आमच्या सुकापूर गावच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता, खाली हात जोडलेले. मी तेव्हा माझ्या बागेत अबोलीला पाणी घालत होते. त्याच्या आणि माझ्या घरात फक्त बागेची भिंत. पलीकडून रडणं ऐकू येत होतं, पण मला वाटलं, टीव्ही लावलाय... मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग दादूसबद्दल बोलायला माझ्याकडे फारसं काही उरत नाही. तरी लिहिते, कारण शोकसभेत ज्याचं कौतुक झालं तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

मोठ्या भावाला आमच्याकडे दादूस म्हणतात. लहानपणी तो मला खांद्यावर बसवून खाडीच्या बांधावर न्यायचा आणि मधेच चिखलात सोडून द्यायचा. मी भोकाड पसरलं की पोट धरून हसायचा, मग परत उचलून घ्यायचा. परत उचलायचा, म्हणून मी त्याला मस्करी समजत आले. वडील गेल्यावर त्यानं बंगला बांधला आणि बागेला विटांची भिंत घातली. भिंतीच्या टोकाला गवंडी एकाआड एक वीट बाहेर काढून ठेवतात, पुढे दुसरी भिंत त्यात अडकवून एकजीव करता यावी म्हणून. दादूसनं मला मुद्दाम बोलावून ते टोक दाखवलं. “बाय, ह्या इटा तुज्यासाठी ठेवल्यान. तू कवा पन ये, तुजी भित हिथूनच सुरू करू.” मी शाळेत मास्तरीण, भाड्याच्या खोलीत राहणारी. त्या विटांवरून हात फिरवताना मला रडू आलं होतं.

पुढे जमिनींना विमानतळाचे भाव आले. आमच्यात रीत अशी की बहिणीनं हक्क सोडल्याची सही करायची, भावानं साडी नेसवायची आणि माहेर उघडं ठेवायचं. मी सही केली नाही. बरीच वर्षं भांडणं झाली, शेवटी पंचांनी त्याच्या बंगल्याशेजारची पट्टी मला दिली. जमिनीसाठी भाऊ तोडला, असं गाव अजून म्हणतं. मला जागा हवी होती, हे खरंच आहे. पण मला माहेरही हवं होतं, आणि दोन्ही मागण्यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी तिथे छोटं घर बांधलं. बागेच्या भिंतीसाठी जांभ्याचे चिरे आणले. गवंडी म्हणाला, चिऱ्याच्या एका थराला विटांचे दोन थर जवळपास जुळतात. टोकाचे चिरे तासून त्या बाहेर काढलेल्या विटांत बसवू, मधे लोखंडी पट्ट्या टाकू, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना धरून राहतील. तेवढ्यात दादूस बनियनवरच बाहेर आला, हातात छिन्नी आणि हातोडा. सगळ्यांच्या देखत त्यानं त्या विटा एकेक करून फोडल्या.

“तुजी भित तुज्या पायावर उबी कर. माज्या भितीला टेकायचं नाय.”

“दादूस, तूच ठेवल्या व्हत्यास ना त्या माज्यासाठी?”

“तवा तू भैन व्हतीस.”

मग माझी भिंत त्याच्या भिंतीपासून बोटभर अलीकडे थांबली. त्या पावसाळ्यात फटीतून पाणी शिरलं, मोकळं टोक फुगलं आणि भिंत माझ्या अबोलीवर आडवी झाली. मी चिरे उचलत होते आणि दादूस व्हरांड्यात खुर्ची टाकून चहा पीत बघत होता. नाटकाला बसावं तसा. मी टोकाला स्वतंत्र खांब घालून भिंत पुन्हा उभी केली. फोडलेल्या विटांमुळे त्याचंही टोक ढासळत होतं. तो दर उन्हाळ्यात गिलावा करायचा, दर पावसात तो गळून पडायचा. माझ्या खांबाला दोन पट्ट्या बांधल्या असत्या तर भागलं असतं. पण तो टेकला नाही. जिद्दीचा माणूस, एवढं मात्र मनापासून लिहिते.

दहाव्याला गाढी नदीच्या काठी पिंड ठेवले. कावळा समोरच्या झाडावर बसून राहिला, खाली येईना. निलेश, म्हणजे त्याचा मुलगा, म्हणाला, आईला सांभाळीन, धंदा मोडणार नाय. कावळा हलला नाही. उन्हं चढली. हळूहळू सगळे माझ्याकडे बघू लागले. काका म्हणाले, “बाय, तुज्यातच जीव अडकलाय त्याचा. शबुद दे.”

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मेल्यावर का होईना, तो माझ्यासाठी अडून बसला होता. मी पुढे झाले. “दादूस, भित जोडून घेऊ. मी तुजी भैनच हाय...” कावळ्यानं फांदीवर चोच घासली आणि तो आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

तेव्हा वयनी उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती झाडाकडे बघत म्हणाली, “अवो, नाय जोडनार भित. तिला टेकू देनार नाय. जेवा आता.”

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

मंडळी सुटल्यासारखी उठली. माझ्याकडे कुणी बघेना. जाताजाता वयनी कानाशी म्हणाली, “राग नको धरू, बाय. मी त्यांच्यासंगती जल्म काढलाय. त्यांना काय आवडतं ते मला म्हायती.”

गेल्या आठवड्यात निलेश गवंड्याला घेऊन आला होता. “आत्या, पावसाच्या आधी दोन्ही भिंती एकमेकींना बांधून घेऊ या का?” मी म्हटलं, तुझ्या आईनं कावळ्याला शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. त्याला परत पाठवलं. रोज सकाळी दादूसच्या भिंतीचा लाल भुगा फटीतून माझ्या अबोलीत पडलेला असतो. मी तो सुपलीत भरते आणि भिंतीवरून त्याच्या लॉनवर फेकते. पूर्वी पलीकडून लगेच शिवी यायची. आताही फेकल्यावर मी थोडा वेळ तिथेच उभी राहते.