काळूराम सुपरवायझरांची थरथरती व्हॅन

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कॉलनीत काळूराम गांगुर्डे कुठे राहतात विचारलं तर पोरं डोकं खाजवतील. सुपरवायझर म्हणा, दारापर्यंत आणून सोडतील. कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गडी अजून ड्यूटीवरच. सकाळी उठलं की हात पाठीमागे बांधून फेरी. नळाला धार बारीक का, कढीपत्त्याला कीड का, बायकोची, म्हणजे लताबाईंची, पोळी एका अंगाला जाड का, सगळ्याची पाहणी. पाहायचं आणि पुढे जायचं. नोकरीच तशी होती, आणि ती त्यांनी फार इमानाने केली.

एक काम मात्र ते स्वतःच्या हाताने करत. रंग देणं. मोठे साहेब पाहणीला येणार म्हटलं की कारखान्यात बंद मशीन दुरुस्त करायला कुठला वेळ! त्याला झकास रंग मारून ठेवायचे. साहेब म्हणायचे, "वा, गांगुर्डे!" ते "वा" काळूरामांच्या डोक्यात जे जाऊन बसलं ते बसलंच. भिंतीला ओल आली, रंग. खुर्चीचा पाय हलतो, रंग. एकदा लताबाईंचा भाऊ दुपारचा ओट्यावर आडवा झाला होता, तर बाईंनी त्याला हलवून उठवलं. "दादा, आत जाऊन झोप बाबा. यांच्या हातात ब्रश आहे."

तर त्यांची लेक संजना हरसूलकडे आश्रमशाळेत शिकवते. तिला आठवा महिना लागला आणि बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं. जावयाकडे मोटारसायकल. लताबाई म्हणाल्या, चांगली भाड्याची गाडी सांगू. झालं, सुपरवायझरांचा पारा चढला.

"दारात गाडी असताना माझी पोरगी भाड्याच्या गाडीत येनार? लोक काय म्हनतील?"

दारातली गाडी म्हणजे जुनी व्हॅन. संजना शाळकरी असताना घेतलेली. लग्नं, हळदी, दवाखाने, सगळं त्याच व्हॅननं पाहिलं. आता लेकीला आणायचं म्हणून काळूरामांनी तिची तयारी केली. ब्रेक पाहिले? नाही. ऑइल बदललं? नाही. चारही चाकं काढली आणि त्यांना चंदेरी रंग दिला. एक हात, दोन हात, मग वाटलं अजून चमकायला पाहिजे, म्हणून तिसरा हात. पुढून दिला, पाठून दिला, नटाची भोकंसुद्धा सोडली नाहीत. मग चाकं बसवून लांब उभं राहून पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "वा!"

दोन-चार दिवसांनी त्र्यंबक रोडला गाडी जरा जोरात घेतली, तर स्टिअरिंग थरथरायला लागलं. शेजारी बसलेल्या लताबाईंचा चष्मा नाकावरून खाली आला.

"अहो, हे काय होतंय?"

"रस्ता खराब हाय."

रस्ता तर नवा कोरा. पुढे गेल्यावर म्हणाले, वारं लय सुटलंय. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

शेजारचा धम्मपाल ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो, त्यामुळे त्याला गाड्यांमधलं सगळं कळतं. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि सांगितलं, "काका, शंभर टक्के अलाइनमेंट." चाकं सरळ रेषेत आणून घेतली. गाडी आता सरळ रेषेत थरथरायला लागली. धम्मपालने दुसरा व्हिडिओ पाहिला. तेव्हा काळूरामांनी स्वतः निदान केलं. "पुढं वजन कमी पडतंय." घोटीहून आणलेलं तांदळाचं पोतं पुढच्या सीटच्या पायाशी ठेवलं, सीटवर लताबाईंना बसवलं आणि गाडी हाकली. पोत्यातले तांदूळ सळसळायला लागले आणि लताबाईंचे दात वाजायला लागले. वजन काही कमी नव्हतं म्हणायचं.

घरी आल्यावर लताबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. हसण्यावारी नेण्यासारखं आता राहिलं नव्हतं. हरसूलची वाट घाटाची, एका अंगाला दरी, आणि लेकीच्या पोटात बाळ.

"संजना या गाडीत बसणार नाही."

"गाडीला काय झालंय? लोक बघत राहतात तिच्याकडं."

"बघणारच. नाचत जाते ना ती!"

सुपरवायझर जेवायला बसले नाहीत. लताबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि फर्मान काढलं. "द्वारका चौकात रियाज मेकॅनिककडे चला. तो म्हणाला ठीक आहे, तर लेक हिच्यात येईल. नाही म्हणाला, तर भाड्याची गाडी, आणि तुम्ही मागच्या सीटवर."

रियाजचं गॅरेज द्वारकेच्या गर्दीत. त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं, हे सगळ्या नाशकाला माहीत. व्हॅन पाहिल्या पाहिल्या तो म्हणाला, "या अल्ला! काका, ये गाडी है के दुल्हन?"

काळूरामांना ती तारीफ वाटली. "सगळं घरी केलंय," म्हणाले, आणि हात मागे बांधून गॅरेजची पाहणी करायला लागले.

रियाजने जॅक लावून पुढचं चाक उचललं. वर-खाली हात धरून हलवलं, तर चाक खडखड वाजलं. आजूबाजूने हलवलं, तरी वाजलं.

"बेरिंग," काळूराम म्हणाले.

"काकू, तुम्ही जरा आत बसून ब्रेक दाबून ठेवा," रियाज म्हणाला. "बेरिंग ढिलं असेल तर ब्रेक दाबल्यावर आवाज बंद होईल."

लताबाई चढून बसल्या आणि सगळा जन्माचा राग काढावा तसा ब्रेक दाबला. रियाजने चाक हलवलं. खडखड चालूच.

"मग बेरिंग नाही. चाकच नीट बसलेलं नाही. चाक कोणी काढलं होतं?"

"कुनी नाय," सुपरवायझर म्हणाले.

लताबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, चपलेवर अजून चांदी सांडलेली आहे तुमच्या."

रियाजने नटाला पाना लावला. जोर लावायची गरजच पडली नाही, नट शहाण्या पोरासारखा फिरला. चाक काढलं. मागच्या बाजूला, जिथे चाक लोखंडाला घट्ट चिकटून बसायचं, तिथे साईसारखा जाड रंग. नटाच्या भोकांत तसाच. काही दाबून चिरडलेला, काही पापुद्रे सुटून पडलेला.

"काका, रंगावर नट आवळले तुम्ही. गाडी चालली, रंग दबला, नट ढिले पडले. घाटात काय झालं असतं माहिताय? चाक पुढे गेलं असतं आणि तुम्ही मागून त्याला सलाम ठोकत बसला असता."

लताबाईंना हसू आलं नाही. त्या ब्रेकवरचा पाय काढायचाच विसरल्या होत्या.

रियाजने चारही चाकं खरवडली, झिजलेले बोल्ट बदलले, नट आवळून दिले. "आता गाडी फर्स्ट क्लास. फक्त हरसूलला पोचल्यावर नट एकदा आवळून बघा. नवीन बसवलेले कधी कधी थोडी जागा घेतात."

"मी तेच सांगत होतो," काळूराम म्हणाले. कोणाला आणि कधी, ते काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरसूलला गेले. जाताना गाडी पाण्यासारखी चालली. संजना पिशव्या घेऊन शाळेच्या फाटकात उभी, सोबत जावई, दोन शिक्षिका, स्वयंपाकीण आणि अर्धी शाळा. काळूराम पांढऱ्या कडक इस्त्रीत उतरले, "जयभीम, जयभीम" करत सगळ्यांना हात जोडले आणि ऐटीत दार उघडलं. "बस बेटा."

लताबाई दारात आडव्या येऊन उभ्या राहिल्या.

"आधी नट."

"अगं, घरी गेल्यावर बघू. एवढी मानसं बघतायत."

"बघू द्या. पाहणीच आहे असं समजा."

"ममी, काय झालं?" संजना कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"काही नाही. तू सावलीत बस. तुझे पप्पा काम करणार आहेत."

आता काय करणार! सुपरवायझर पांढऱ्या पँटीसकट मातीत गुडघ्यावर बसले. तोंडाने पुटपुटत पाना लावला, की काही हलायचं नाही, उगाच बाईमाणसाचा वहीम. पहिला नट हलला नाही. दुसरा हलला नाही. तिसऱ्याला जोर दिला आणि तो कर्रकन पाव फेरा फिरला.

काळूराम त्या नटाकडे बघत राहिले. मग उठून लेकीकडे पाहिलं, ती झाडाखाली बसून पाणी पीत होती. त्यानंतर त्यांनी कोणी न सांगता चारही चाकांचे सगळे नट आवळले. जावई पुढे झाला तर म्हणाले, "राहू दे, मीच करतो." घामाने सदरा पाठीला चिकटला, गुडघ्यांवर लाल मातीचे ठप्पे उठले.

परत येताना गाडी चाळीसच्या वर गेली नाही. मागून जीपवाले हॉर्न मारून मारून दमले, शिव्या देऊन पुढे गेले. संजना मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी झाली होती. घाट लागला तसे काळूराम हळू आवाजात म्हणाले, "लता, बघ बरं. थरथरतंय का काही?"

एवढ्या संसारात त्यांनी लताबाईंना काही विचारलं, असं हे पहिलंच. बाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवून पाहिला.

"गाडी नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे हात. घ्या बाजूला, घोटभर पाणी प्या."