गोठ्यातून ऐकलेला समुद्र

शेणाच्या आणि भिजल्या पेंढ्याच्या वासातून येणारी ती गाज अजून माझ्या कानांत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासरच्या माणसांबरोबर मी महाडहून पडावाने हरिहरेश्वरला गेले. मी समुद्र कधीच पाहिला नव्हता. वाटेत वन्सं बेत सांगत होत्या : शिंपले वेचायचे, कड्याखालून प्रदक्षिणा घालायची, सूर्य बुडताना पाहायचा.

खाडीच्या धक्क्यावर उतरता उतरताच मी बाहेरची झाले.

“समुद्राची वाट देवळावरून जाते. तू बस गोठ्यात,” सासूबाई म्हणाल्या. “मुहूर्त बरा साधलास हो!” सगळे हसले.

तीन दिवस माडांच्या पलीकडे लाटा फुटत राहिल्या. संध्याकाळी सगळे परतले, की ओल्या लुगड्यांचा खारा वास अंगणातून जाई.

चौथ्या दिवशी मी न्हाले, तेव्हा भरती लागली होती आणि पडाव थांबणार नव्हता.

“नुसती टेकडी चढून बघून येते,” मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्या हाती वळकटी दिली.

पडावात मी वन्संच्या शेजारी बसले. त्यांच्या पावलांना अजून वाळू चिकटलेली होती.

“समुद्र कसा असतो हो, वन्सं?”

त्यांनी सासूबाईंकडे पाहून डोळे मिचकावले आणि मला म्हणाल्या, “ओला.”