बदामची राणी आणि सोमवार

परवा नारायण पेठेतल्या एका दुकानात पत्त्यांचा नवा कॅट उघडला आणि त्या गुळगुळीत कागदाच्या वासानं मला जुन्या ऑफिसमधली एक दुपार आठवली. कुणाचा तरी वाढदिवस होता, केक कापून झाला होता आणि सगळी टीम माझ्यामागे लागली होती, "सर, जादू!" त्याच संध्याकाळी आमच्यातल्या एकाला कामावरून काढणार होते, ते फक्त मला माहीत होतं आणि बोलायची मनाई होती. पान काढायला नेमका तोच पुढे आला, वर्ध्याहून आलेला, लग्नाला वर्षही न झालेला. त्याची बदामची राणी मी कॅटात मध्येच सरकवली, वरची चौकटची सत्ती सगळ्यांना दाखवली आणि तिच्यावरून सावकाश हात फिरवला. सत्तीची राणी झाली. "काय भारी जी सर! अजून एकदा!" तो ओरडला. एसी चालू असूनही माझी पाठ ओली झाली होती, पण चेहऱ्यावरचं हसू उतरवता येईना. मी तीनदा जादू केली, कारण थांबलो असतो तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं. सहाला तो आतल्या खोलीतून पाकीट घेऊन आला आणि माझ्या टेबलापाशी थांबला. "सर, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" "सोमवारपासून," मी म्हणालो. त्यानं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "मंगळवारी मी तुम्हाला बिबवेवाडीचा फ्लॅट दाखवायला नेलं होतं." तिथल्या खिडकीत उभं राहून 'घेऊन टाक' असं मीच त्याला म्हणालो होतो, आणि त्या दोन शब्दांसाठी मला आजही कुठलीच सबब सापडत नाही.