खाऱ्या पाण्याचा गडू

खुशालकाका पहिल्यांदा आमच्या कॅम्पवर आंघोळीला बसले, तेव्हा मला वाटलं, या माणसाचा एखादा स्क्रू ढिला आहे. हापशासमोर बसून हा साठीला टेकलेला माणूस साबण घासतोय, फेस काढतोय, तो ओंजळीत घेऊन बघतोय आणि एकटाच हसतोय! मागे आम्ही गार्ड लोक बादल्या घेऊन उभे. शेवटी मी खेकसले, "काका, आज वडी संपवूनच उठता का?"

त्यांनी फेसानं भरलेलं तोंड वर केलं. "मॅडम, पाहा तर खरं, केवढा फेस! आमच्या गावी अख्खी वडी घासली तरी इतका येत नाई वो."

यावर काय बोलणार, कपाळ! मी बादली खाली ठेवली आणि त्यांचं आटपेपर्यंत उभी राहिले.

मी रागिणी. घर परतवाड्याचं, नोकरी मेळघाटात वनरक्षकाची. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, आहेच. उन्हाळ्यात तर विचारूच नका. एकीकडे वणव्याची धास्ती, दुसरीकडे आटलेले नाले. मग जनावरांसाठी जंगलात बांधलेले सिमेंटचे पाणवठे आम्ही टँकरनं भरतो. त्या टँकरचा ट्रॅक्टर चालवायला ठेकेदारानं खुशालकाकांना आणलं होतं. मूळचे शेतकरी, दर्यापूरच्या पुढे आत गाव. तो सगळा खारपाणपट्टा. काळी कसदार जमीन, पण खालचं पाणी खारं. विहीर तुडुंब असली तरी पिकाला देता येत नाही. त्यामुळं हरभरा निघाला की पेरणीपर्यंत माणसानं हातावर हात ठेवून बसायचं. काकांना बसणं जमत नाही, म्हणून ते जंगलात आले.

आणि आले ते आमच्या पाण्याच्या प्रेमातच पडले. सकाळचा चहा झाला की कप उंच धरून सगळ्यांना दाखवायचे. "फाटला नाई पाहा!" त्यांच्याकडे विहिरीच्या पाण्यात दूध टाकलं की चहा फाटतो, डाळ शिजता शिजत नाही. आमच्या कॅम्पवर वरण लावलं की हे चुलीपाशी बसून डाळ बोटानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, "लोणी झालं बाप्पा, लोणी!"

एक खोड मात्र माझ्या डोक्यात जायची. टँकर पाणवठ्याला लावला की पाइप सोडायच्या आधी काका नळीखाली ओंजळ धरायचे, घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे. कडक ऊन, अजून तीन पाणवठे बाकी, आणि यांचं हे चाललेलं.

"अहो काका, रानडुकरं पिणार आहेत ते. त्यांना काय चव कळते!"

"त्यायले कळत नाई हे तुमाले कोणं सांगतलं? आपुन तोंडात घालू शकत नाई ते दुसऱ्याच्या पुढं काहून ठेवाव?"

मी कपाळावर हात मारायची. कितीतरी वेळा मी चिडून ट्रॅक्टरवरून उतरून पायी निघाले असेन, आणि हे शांतपणे मागून येऊन म्हणायचे, "बसा मॅडम, पाय भाजतीन." आणि मी बसायची. राग टिकवू देत नाही हा माणूस, हीच तर खरी पंचाईत.

या हसऱ्या माणसाच्या मनात एक काटा होता, तो मला हळूहळू कळला. मुलगा किशोर. बारावी शिकलेला, दर्यापुरात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान, कष्टाळू, निर्व्यसनी, दिसायला छान. पण लग्न जमेना. मुलगी पाहून व्हायची, पसंती व्हायची, आणि मग मुलीकडचे घर बघायला आले की काहीतरी बिनसायचं. तोंडावर कुणी बोलत नसे. घरी जाऊन निरोप यायचा, 'पत्रिका जुळत नाही.' गावातल्या लोकांनी यावर एक तोडगा काढलेला आहे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दर्यापूरहून थंड पाण्याचा कॅन आणायचा. चहाही त्याचाच, प्यायलाही तेच. खारपाणपट्टा आहे हे पाहुण्यांना माहीत असतंच, पण जिभेला लागू द्यायचं नाही. किशोरच्या आईनं, वच्छलाकाकूंनीही दर वेळी तेच केलं. तरी कुणीतरी हात धुवायला जायचं, सहज चूळ भरायचं, आणि पत्रिका जुळायची थांबायची.

एप्रिलात काका असेच पाहुण्यांसाठी म्हणून गावाकडे गेले. आणि इकडे आमच्याकडे वेगळंच प्रकरण झालं. हरणा-सांबरांना चाटायला आम्ही पाणवठ्यांच्या आसपास मिठाच्या विटा ठेवतो. त्या विटा गायब! एका जागच्या नाहीत, चार-पाच पाणवठ्यांवरच्या. आमच्या रेंजर मंजुषा मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली. शिकारी लोक अशाच विटा आत आडबाजूला नेऊन ठेवतात आणि जनावर चाटायला आलं की दबा धरून मारतात. आम्ही सगळं जंगल पालथं घातलं. काही सापडेना. शेवटी म्हशी घेऊन फिरणाऱ्या एका गवळ्यावर संशय आला. त्याच्याकडे मीठ सापडलं होतं. आता गवळ्याकडे मीठ नसणार तर काय सोनं असणार? पण त्याला विचारपूस करायला आणून बसवलं होतं. बिचारा घाबरून पांढराफटक पडला होता.

नेमके त्याच दुपारी काका परतले. चेहरा पडलेला, म्हणजे तिकडे पुन्हा पत्रिका जुळली नव्हती. पाणी प्यायला म्हणून ऑफिसच्या ओसरीवर आले, गवळ्याला पाहिलं, मला विचारलं, "यानं काय केलं?"

"पाणवठ्याजवळच्या मिठाच्या विटा चोरल्या म्हणतात."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग तडक आपल्या खोलीकडे गेले आणि खाटेखालून पोतं ओढत घेऊन आले. मॅडमच्या टेबलासमोर ते पालथं केलं. सगळ्या विटा!

"मॅडम, त्याले सोडा. चोर मी आहो."

मंजुषा मॅडम खुर्चीतून उभ्याच राहिल्या. "तुम्ही? का पण?"

"मले वाटलं, कोणा हरामखोरानं पाणी नासवाले ठेवल्या. पाण्याच्या बाजूले मीठ! आमचं अख्खं गाव त्यानंच बरबाद झालं, मॅडम. मले राहवलं नाई. उचलल्या."

मग मॅडमनी जो तोंडाचा पट्टा सोडला, बाप रे! जंगलातली एक वस्तू विचारल्याशिवाय हलवायची नाही, आम्ही रात्रंदिवस रान तुडवलं, गरीब माणसाला नाहक बसवून ठेवलं, गुन्हा दाखल करू का तुमच्यावर? काका मान खाली घालून उभे. बोलून दम लागला तेव्हा मॅडम स्वतःच हसायला लागल्या, आणि मग आमचंही दाबून ठेवलेलं हसू फुटलं. गवळीसुद्धा हसला. काकांनी आधी त्याच्यापुढे हात जोडले, मग मॅडमपुढे.

शिक्षा म्हणून विटा पुन्हा जागच्या जागी त्यांनीच ठेवायच्या होत्या. मी सोबत होते. काका एकेक वीट मेलेला उंदीर धरावा तशी धरून, पाण्यापासून जमेल तितकी लांब ठेवत होते. शेवटच्या पाणवठ्यावर आम्ही ट्रॅक्टर लांब लावून बसलो, तर झाडीतून एक सांबर आलं. आधी पाणी प्यालं आणि मग सरळ विटेपाशी जाऊन डोळे मिटून चाटायला लागलं. काकांचं तोंड उघडं ते उघडंच.

"पाह्य वो पोरी, कसं मजेनं चाटून राहिलं! यायले म्हणा, माह्या वावरात या. जलमभर चाटा."

मी हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. "मॅडम" म्हणायचं सोडून ते मला पहिल्यांदा "पोरी" म्हणाले, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, की माझी धाकटी बहीण आचल या माणसाच्या घरात द्यायची.

आचल परतवाड्यात एका मेडिकलमध्ये कामाला आहे. माझ्यासारखी तोंडाळ नाही, पण मनात एकदा घेतलं की मागे हटत नाही. किशोरला घेऊन काका-काकू आमच्या घरी येऊन गेले. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. पुढं दोघं फोनवर बोलायला लागले, ते मला कळत होतं, मी कानाडोळा केला. बाबा, म्हणजे आमचे भगवंतराव, एवढंच म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण घर पाहिल्याशिवाय मी होय म्हणणार नाही."

मी मॅडमच्या हातापाया पडून एका दिवसाची सुट्टी घेतली. बाबा, आचल आणि मी निघालो. बसनं दर्यापूर, पुढं जीपनं गाव. मे महिन्याचं ऊन, चारी बाजूंना भेगाळलेली काळी जमीन. घर नीटनेटकं होतं, सारवलेलं अंगण, खाटेवर नवी चादर. आम्ही बसलो. वच्छलाकाकू आतून ताट घेऊन आल्या. ताटात स्टीलचे पेले, बाहेरून घामेजलेले, कॅनचं गार पाणी. बाबांनी हात पुढं केला.

"थांबा पाहुणे," खुशालकाका म्हणाले. ते उठले, मागच्या विहिरीवर गेले आणि पाण्याचा गडू भरून घेऊन आले. "आधी हे घ्या."

काकू ताट घेऊन मध्ये आल्या. "काहून वो? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कालच आणला ना कॅन!"

"कॅन आज आहे, किशोरची माय. ज्या दिवशी संपन त्या दिवशी पोरीले हेच प्यावं लागन. मंग तिले वाटन, बुढ्यानं फसवलं."

किशोर दारात उभा होता. त्यानं एकदा आचलकडे पाहिलं आणि मान खाली घालून अंगणात निघून गेला. मला इतका राग आला खुशालकाकांचा! वाटलं, उठावं आणि गदागदा हलवावं. अहो, जनावरापुढे पाणी ठेवताना चाखणं वेगळं. इथं तुमच्या पोराचा संसार आहे! पण काकांनी गडू खाली ठेवला नाही.

बाबांनी गडू घेतला. एक घोट घेतला. चेहरा कसनुसा झाला.

"खारं आहे."

"होय."

"लय खारं आहे."

"उन्हाळ्यात जास्तच होते, भाऊ."

बाबांनी गडू खाली ठेवला. काकू ताट धरून तशाच उभ्या. मी मनात म्हटलं, संपलं. आता परत जाताना जीपमध्ये बाबा पत्रिकेचं बोलणार.

तेवढ्यात आचल उठली. तिनं गडू उचलला, मान वर केली आणि वरून धार सोडून प्याली. एक घोट नाही, चांगले तीन-चार घोट. एकदा ठसका लागला, तरी पुन्हा प्याली. मग ओढणीनं तोंड पुसलं आणि काकूंना विचारलं, "काकू, मग वरणात मीठ किती टाकता तुम्ही?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. ताट कसंबसं खाटेवर ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला. "निम्मं," त्या म्हणाल्या. "निम्म्याहून कमीच. मी सांगीन ना माय तुले."

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मग तिच्या हातातून गडू घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

खुशालकाका दारापर्यंत गेले, चौकट धरली आणि अंगणात हाक मारली.

"किशोर! अबे आत ये लवकर. पोरगी मीठ विचारून राहिली."