समीनाआपाची बिनआवाजाची गाडी

उंद्रीत हूल उठली, की समीनाआपाले येड लागलं. बीटीच्या कपाशीत अळी शिरली तशी तिच्या डोक्यातही शिरली, अन् आता ती बॅटरीच्या गाडीवर एकटीच किंचाळत फिरते.

अळीचं खरं होतं. ‘या बियाण्याले अळी लागतच नाई’ असं ऐकून लावलेली कपाशी गुलाबी अळीनं आतून पोखरली होती. डोकं मात्र शाबूत होतं. त्या साली आपा दुसऱ्यांच्या शेतांवर वेचणीच्या बाया नेऊ लागली. या शेतातून त्या शेतात धावायचं, म्हणून तिच्या नवऱ्यानं, मोईजनं, बॅटरीची जुनी स्कूटर आणून दिली. ती चालताना मांजरीएवढाही आवाज करीना. घोडं पेंड खात होतं ते इथंच.

गाडीवर बसली की आपाला एकच घोर. वळणावर कोण असेल? बांधावरून कोण उतरेल? हॉर्न दिला तर माणसं सरकायचं सोडून रस्त्यातच थांबत, कोण आलं ते वळून बघत. एकदा गावातले रामराव असेच थबकले, अन् त्यांना चुकवताना आपा तुरीत घुसली. कोपर सोलून निघालं.

“और एक लफडा हुआ तो गाडी बेच डालूंगा,” मोईज म्हणाला.

गाडी गेली की बाया दुसऱ्या मुकादमाकडे जाणार. आपाला चैन पडेना. तिनं हँडलला बैलाची घुंगरमाळ बांधली अन् छनछन करत निघाली. पुढं रामरावांची कापसाची बैलगाडी. बैल शंकरपटाच्या शर्यतीत पळालेले. मागून घुंगरं वाजली, तशी त्यांना वाटलं, शर्यतीची जोडी आली. शेपट्या वर करून जे सुटले! गाठोडी रस्त्यावर, रामराव जुवाला लोंबकळलेले.

“आपा, पट लावला का वं माह्या बैलाईसंग?”

नशीब, कोणाला लागलं नाही. आपानं माळ काढली अन् तोंड उघडलं. “रामरावभाऊ, डाव्या हाताले! कोकिळाबाई, पोरगं धरा!” हॉर्नला न हलणारं माणूस स्वतःच्या नावाला हललंच. हीच ती किंचाळी.

पण बाया कमी पडल्या, आणखी आणायला चिखलीला जाणं आलं. तिथल्या बाजारात नावं कुठून आणणार? अस्मादिक, म्हणजे ही गोष्ट सांगणारे, तिची नक्कल करून गाव हसवत होतेच. त्यांनी पैज लावली. “आपा, एकाले जरी घासली, तं किल्ली मोईजचाचाच्या हातात. निभावलं, तं मी दिवसभर कापूस वेचतो.” अन् मागं बसले.

बाजारात सगळ्या पाठीच पाठी. पाय टेकत, गाडी रांगवत आपानं गळा काढला, “ओ जावईबापू! सरका जरासे!”

सगळा रस्ता वळला. टोप्या सावरल्या, शर्टं खाली ओढली, अन् ज्यानं त्यानं हसून अदबीनं वाट दिली. गाडी कोणाला न घासता पार.

मोईजनं किल्ली मागितली नाही. अस्मादिकांनी मात्र दुसऱ्या दिवशी कापूस वेचला. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली. संध्याकाळी आपानं गाठोडं हातात तोललं.

“एवढ्यात दिव्याची वात बी होत नाई बे!”